बागुलबुवा आणि भूत : बालचित्रकथांतील भयवाचक नामे

लहान मुलांच्या चित्रकथांत सौम्य भयाला निश्चित स्थान आहे. असे भय मुलाला क्षणभर बिचकवते, पण त्याची झोप हिरावून घेत नाही. ही मर्यादा चित्राप्रमाणेच शब्दही राखतो, हे मराठीतील भयवाचक नामांवरून दिसून येते.

या नामांचे दोन वर्ग पडतात. भूत, हडळ, मुंजा ही पहिल्या वर्गातील होत. 'भूत' हे संस्कृत 'भू' धातूपासून साधलेले असून 'होऊन गेलेला' हा त्याचा मूळ अर्थ होय. हडळ ही मृत स्त्री, तर मुंजा हा मौंजीनंतर अविवाहित मरण पावलेला मुलगा. या नामांमागे मृत्यू आहे, आणि घरातील वडीलधारी माणसेही त्यांना भीत असतात. बागुलबुवा दुसऱ्या वर्गातील. त्याला मरणाची पूर्वकथा नाही, आणि मोठ्या माणसांचा त्याच्यावर विश्वासही नाही. शिवाय कीर्तनकार, गोसावी यांना लावले जाणारे 'बुवा' हे आदरार्थी पद त्याला माणसांत आणून बसवते. हेच कार्य 'ओबा' हा प्रत्यय करतो. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीच्या लोककथेत वाघाचा 'वाघोबा' होतो, तेव्हाच तो फसणार हे मुलाने ओळखलेले असते.

तथापि बागुलबुवाला ठराविक रूप नाही. अंधारात तो कितीही वाढू शकतो. चित्र त्याला सीमा घालते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठणच्या नावाने ओळखली जाणारी 'पैठणी चित्रे' येथे उद्बोधक ठरतात. चित्रकथी एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरून रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगत. त्यांतील राक्षस कितीही उग्र असला तरी कागदाच्या चौकटीतच राहतो, आणि पुढचे चित्र आले की दृष्टीआड होतो. ही चित्रे केवळ मुलांसाठी नव्हती. पण पान उलटताच भय मागे टाकण्याची सोय आजच्या चित्रपुस्तकातही हीच आहे.

यास्तव इंग्रजी चित्रकथांच्या भाषांतरात 'घोस्ट'साठी सरसकट 'भूत' योजणे इष्ट नव्हे. पांढरी चादर पांघरलेली गमतीदार आकृती चित्रात हसत असते. पण ज्या मुलाला तिन्हीसांजेला पिंपळाखाली जाऊ दिले जात नाही, त्याला 'भूत' हा शब्द वेगळेच काही सांगतो. चित्र हसवते आणि शब्द घाबरवतो, अशी ही विसंगती होय. ती टाळण्याची साधने मराठीच्या नामव्यवस्थेतच आहेत.