पाण्यात उतरलेला जवान

आम्हां वसईकरांना पोहण्याचे कौतुक सांगावे लागत नाही. वाडीतल्या बावखलात डुंबत मोठी झालेली माणसे येथे अजूनही भेटतात. पण पोहणे म्हटले की आपण पायांचा मार गृहीत धरतो. कमरेखालचे शरीर आज्ञा पाळीनासे झाले तर पोहता येईल काय? याचे उत्तर सांगली जिल्ह्यातील पेठ गावच्या मुरलीकांत पेटकर या जवानाने १९७२ साली दिले.

युद्धावर जाऊन आलेले थोर खेळाडू जगात पुष्कळ झाले. अमेरिकेचा बेसबॉलपटू टेड विल्यम्स दुसऱ्या महायुद्धात आणि पुन्हा कोरियाच्या युद्धात वैमानिक होता. ऐन उमेदीची वर्षे गेली, पण परतल्यावर त्याचे मैदान त्याला मिळाले. पेटकरांना ते मिळणार नव्हते. सैन्याच्या ईएमई दलातले हे मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या. एक गोळी कण्यात रुतली ती कायमचीच. पाय निकामी झाले. ठोसा हाताचा दिसतो खरा, पण त्याचे बळ पावलांतून येते. तेव्हा मुष्टियुद्ध तेथेच संपले.

पाठीच्या कण्यातून जाणारी मज्जारज्जू तुटली की मेंदूचा निरोप खाली पोहोचत नाही. पूर्वी असे जखमी सैनिक बहुधा अंथरुणात जखमा चिघळून किंवा मूत्रमार्गाच्या विकाराने दगावत. जर्मनीतून परागंदा होऊन इंग्लंडात आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून स्टोक मँडेव्हिल येथे हा क्रम पालटला. रुग्णाला कुशीवर वळवा, उठवून बसवा आणि खेळायला लावा, ही त्यांची रीत. १९४८ साली लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी त्यांनी चाकाच्या खुर्चीतील जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. पॅरालिंपिकचे मूळ ते. म्हणजे ही क्रीडा युद्धाच्या जखमेतूनच जन्मली, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

पेटकरांच्या उपचारातही पोहणे आले. पाणी शरीराचा भार उचलून धरते. जमिनीवर ओझे वाटणारे पाय पाण्यात ओझे राहत नाहीत. मात्र शर्यतीत तेच पाय खाली लोंबू लागले तर वेग खातात, आणि सारे ओढकाम खांद्यांवर पडते. मुष्टियोद्ध्याचे खांदे येथे कामी आले असावेत, असा आमचा तर्क.

क्रिकेटपटू विजय मर्चंट यांचे साहाय्य लाभले आणि पेटकर परदेशी स्पर्धांना जाऊ शकले. १९६८ साली तेल अवीवला ते टेबल टेनिस खेळले. ऑगस्ट १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्तशैलीचे अंतर त्यांनी ३७.३३ सेकंदांत कापले. विश्वविक्रम झाला आणि पॅरालिंपिकमधले भारताचे पहिले सुवर्णपदक मिळाले. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळवायला भारताला २००८ साल उजाडावे लागले.

आणि आम्ही काय केले? पदक घेऊन आलेला हा माणूस पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी करीत राहिला. शाळेच्या पुस्तकांतून आमच्या पिढीला त्याचे नाव कधी भेटले नाही. पद्मश्री २०१८ साली मिळाली. अर्जुन पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला तो जानेवारी २०२५ मध्ये. तेव्हा पेटकरांनी ऐंशी वर्षे पूर्ण केली होती.