मरीना बे: पैसे कुठे मोजायचे, कुठे नाही?

सिंगापूरला निघालेल्या अनेकांना हवा असतो तो ‘मरीना बे सँड्स’च्या ५७व्या मजल्यावरचा तरणतलाव. पण तो फक्त त्याच हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांसाठी आहे. बाहेरच्यांना तिकीट काढून गच्चीवरून शहर पाहता येते, तलावात उतरता येत नाही. हे माहीत नसेल तर वर पोहोचल्यावर हिरमोड ठरलेला.

शेजारच्या ‘गार्डन्स बाय द बे’मध्ये मात्र २५ ते ५० मीटर उंच ‘सुपरट्री’खाली हवे तेवढे फिरा, पैसे लागत नाहीत. रात्रीचा प्रकाश-संगीताचा खेळही मोफत. तिकीट आहे ते काचेखालच्या थंड बागांना आणि झाडांमधल्या उंच पुलाला. मुले सोबत असतील तर ‘क्लाउड फॉरेस्ट’मधला ३५ मीटरचा धबधबा चुकवू नका; इथे खर्च वसूल होतो.

समोरचे पाणी समुद्राचे वाटते, पण तसे नाही. २००८मध्ये ‘मरीना बॅरेज’ बांधून समुद्र अडवला गेला आणि खाडीचा गोड्या पाण्याचा जलाशय झाला. तो शहराची तहानही भागवतो. याच बॅरेजच्या हिरवळीच्या गच्चीवर संध्याकाळी स्थानिक लोक पतंग घेऊन येतात. प्रवेश मोफत.