सोयरिकीआधी एक रक्ततपासणी

सोयरीक जमवताना आपण गोत्र, देवक, पत्रिका पाहतो. मामाचीच मुलगी असली तर तेवढेही नाही! हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांचे वर्तुळ तसे लहानच.

आपल्या हब्सीगुड्याच्या सीसीएमबीतील डॉ. कुमारसामी थंगराज व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातील २६० हून अधिक समाजांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतले ८१ समाज मोजक्याच पूर्वजांपासून वाढलेले आणि आपसातच लग्ने करत आलेले निघाले. अशा समाजात एका पूर्वजाचा जनुकीय दोष घरोघर पोहोचतो. तेलंगण-आंध्रातल्या वैश्य समाजात काहींना भूल देताना वापरले जाणारे, स्नायू सैल करणारे एक औषध लवकर उतरत नाही, ते यामुळेच.

थॅलेसेमियाचेही तसेच. वाहक माणूस धडधाकट असतो, त्याला औषध लागत नाही. पण दोघेही वाहक असले तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता चारात एक. मग त्या मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते.

तपासणी साध्या रक्ताची असते. पंजागुट्ट्याच्या निम्समध्ये वैद्यकीय जनुकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे सल्लाही मिळतो. फक्त मुलीचेच रक्त तपासा, असा आग्रह आपल्यात होतो, तो चूक आहे. लग्न झालेल्या जोडप्यांनी दिवस राहण्याआधी, निदान पहिल्या महिन्यांतच, दोघांचीही तपासणी करून घ्यावी.