पाळी नव्हे, माज : कुत्रीच्या पहिल्या हंगामात काय करावं?

(मोरिवली, अंबरनाथ येथील नागरिकांसमोर एका पशुवैद्यकांनी दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय चारचौघांत बोलायला जरा अवघड वाटतो. लोक दवाखान्यात येतात, आजूबाजूला बघतात आणि हळूच म्हणतात, "डॉक्टर, हिला पाळी आलीय." मी सुरुवात या शब्दापासूनच करणार आहे. बरेचसे घोटाळे या 'पाळी' शब्दाने होतात.

आपल्याकडे जुना आणि नेमका शब्द आहे, माज. ज्यांच्या घरी कधी गोठा होता त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. गाय माजावर आली म्हणजे ती गाभण राहू शकते, हे शेतकऱ्याच्या घरातलं लहान पोरही जाणतं. कुत्रीचंही तेच आहे. फरक एवढाच की गाईच्या माजात सहसा रक्त दिसत नाही, कुत्रीच्या माजात ते सुरुवातीलाच दिसतं. ते दिसलं की आपण माणसाचा हिशोब लावतो आणि तिथेच फसतो.

बाईची पाळी केव्हा येते? गर्भ राहिला नाही की गर्भाशयाचं अस्तर गळून पडतं, तेव्हा. म्हणजे एक चक्र संपलं. कुत्रीचं रक्त चक्र सुरू होताना येतं. अंडाशयातून इस्ट्रोजेन वाढतं, गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढतो आणि रक्त झिरपतं. म्हणजे शरीर गर्भाची तयारी करतंय. एकाची खूण 'संपलं' अशी, दुसऱ्याची 'सुरू होतंय' अशी.

आता दिवसांचा हिशोब बघा. पहिला टप्पा साधारण नऊ दिवसांचा. योनीचा बाहेरचा भाग सुजतो, लाल स्राव येतो, कुत्री सारखी चाटते, थोडी थोडी लघवी करते. नर मागे लागतात, पण ती त्यांना जवळ येऊ देत नाही. दुसरा टप्पाही साधारण नऊ दिवसांचा. स्राव फिकट होतो, गुलाबी किंवा गवती रंगाचा. कुत्री शेपूट बाजूला करून उभी राहते. हाच खरा माज, गाभण राहण्याचा काळ. हे दिवस कमीजास्त होतात, म्हणून लाल स्राव पहिल्यांदा दिसल्यापासून पूर्ण चार आठवडे सांभाळा.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. एका घरात आठ महिन्यांची कुत्री होती. रक्त दिसलं. घरातल्या आजी म्हणाल्या, "तिला चार दिवस बाजूला बसवा." आजींच्या मनात वाईट काही नव्हतं, त्या स्वतःही आयुष्यभर तशाच बसल्या होत्या. कुत्रीला फाटकाजवळ बांधलं. पहिले दिवस ती नरांवर गुरगुरत होती, त्यामुळे काही झालं नाही. दहा-बारा दिवसांनी स्राव फिकट झाला. घरच्यांना वाटलं, झालं, संपलं. तिला मोकळं सोडलं. दोन महिन्यांनी मध्यरात्री फोन आला, पिल्लू अडकलंय. तिचं शरीर अजून पुरतं वाढलेलं नव्हतं. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी पोचेपर्यंत सकाळ झाली. कुत्री वाचली, पिल्लं गेली.

या गोष्टीत चूक कुणाची? आजींची नाही. ती कुत्री लसीसाठी माझ्याकडेच येत होती, आणि पहिल्या माजाबद्दल मी त्या घरात एक शब्द बोललो नव्हतो. तेव्हापासून मादी पिल्लाच्या लसीच्या वेळी मी हे सांगतोच. आज इथे उभा आहे तोही त्याचमुळे.

तर काय करायचं?

पहिलं म्हणजे तिला घरात घ्या. बाहेर बांधणं हाच सगळ्यात मोठा धोका आहे. विटाळाचा प्रश्नच नाही. तिला समजत नाही की आपल्याला दूर का लोटलं, ती नुसती भेदरते. जुन्या सुती चादरीची घडी अंथरा, रोज धुवा. डायपर घातलंत तर वारंवार बदला, नाहीतर कातडी लाल होते. आणि डायपर म्हणजे कुलूप नव्हे, त्याने नर अडत नाही.

दुसरं, फिरवणं. पट्टा हातातून सोडायचा नाही, अगदी इमारतीच्या आवारातसुद्धा. वर्दळ आणि भटकी कुत्री कमी असतील अशी वेळ निवडा. नरांना वास लांबून येतो. 'भाद्रपदातली कुत्री' असं आपण उगाच म्हणत नाही; आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांचा हंगाम पावसाळ्याच्या अखेरीस जोरात असतो. घरातली कुत्री मात्र वर्षात केव्हाही माजावर येऊ शकते. टोळी मागे लागलीच तर दगड मारू नका, शांतपणे घरी वळा.

तिसरं, स्वच्छता. कोमट पाण्याने बाहेरून पुसा, कोरडं करा. जंतुनाशक औषधं तिथे लावू नका, आग होते. पावसाळ्यात माश्या बसू देऊ नका, अळ्या पडायला वेळ लागत नाही.

चौथं, खाणं. दोन-चार दिवस कमी खाईल, जास्त झोपेल. चालतं. पण "दुखत असेल बिचारीला" म्हणून आपल्या घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. कुत्र्यांना ती विषासारखी ठरू शकतात. माज थांबवायचं इंजेक्शनही मागू नका. त्या हार्मोनमुळे गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो.

हा पू होण्याचा आजार, पायोमेट्रा, सगळ्यांनी लक्षात ठेवा. तो बहुतेकदा माज संपल्यावर एक-दोन महिन्यांत दिसतो, म्हणजे आपण सगळं विसरलेलो असतो तेव्हा. कुत्री खूप पाणी पिते, खात नाही, उलट्या करते, पोट फुगतं. स्राव दिसेल किंवा नाहीही दिसणार. अशा वेळी उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : पहिला माज केव्हा येतो?
उत्तर : लहान जातींत सहाव्या महिन्यापासून, मोठ्या जातींत वर्ष-दीड वर्षानेही. दोन वर्षं होऊनही आला नाही तर दाखवा. पुढे साधारण सहा-सात महिन्यांनी येतो. पहिल्या वेळी कधी मध्येच थांबून काही आठवड्यांनी परत सुरू होतो. तेव्हा मोजणी नव्याने करा.

प्रश्न : महिना उलटला तरी थेंब थेंब रक्त येतंय.
उत्तर : मग तो माज समजू नका. आपल्याकडे भटक्या कुत्र्यांमध्ये संगातून पसरणारी एक गाठ आढळते, टीव्हीटी म्हणतात. तिच्यातूनही असंच रक्त येतं. इंजेक्शनांनी ती बहुतेक वेळा पूर्ण बरी होते, पण आधी ओळखली पाहिजे.

प्रश्न : नर आणि मादी जोडली गेली तर?
उत्तर : ओढून वेगळं करू नका, दोघांनाही इजा होते. पाणी टाकणं, काठी मारणं नको. सुटल्यावर लगेच डॉक्टरांशी बोला. लवकर आलात तर मार्ग जास्त असतात.

प्रश्न : एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत म्हणतात.
उत्तर : तब्येतीसाठी त्याची काही गरज नाही. नसबंदी करायची असेल तर ऐन माजात टाळा, तेव्हा रक्तस्राव जास्त होतो. माज संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी करा. पायोमेट्राची भीती जवळपास जाते. आणि २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव कुत्र्याची लस आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे. भटक्यांची स्थानिक संस्थेची.

शेवटी एकच काम सांगतो. घरी गेल्यावर कॅलेंडरवर, जिथे दूध आणि गॅसची नोंद करता तिथेच, लाल दिसल्याची तारीख लिहा. त्यापुढे चार आठवडे मोजून एक खूण करा आणि दोन महिन्यांनी दुसरी. पहिल्या खुणेपर्यंत पट्टा सोडायचा नाही, दुसरीपर्यंत पाणी किती पिते त्यावर नजर ठेवायची.