अनियमित वेळांच्या नोंदी आणि मावळचा पाऊस

मावळ तालुक्याचे मुख्य ठिकाण जे वडगाव, त्याच्या पश्चिमेस लोहमार्गाने सुमारे २५ किलोमीटर अंतरावर लोणावळा आहे. एवढ्याशा अंतरात पावसाचे मान इतके झपाट्याने बदलते की, घाटमाथ्यावर धो धो पाऊस चालू असता वडगावात केवळ भुरभुर असावी, हे येथील रहिवाशांस नवल वाटत नाही. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात उगम पावणारी इंद्रायणी कामशेतवरून पूर्वेकडे वाहत येते. साहजिकच वर किती पाऊस झाला, आणि विशेषतः तो केव्हा झाला, हे कळल्यावाचून खालच्या गावांत पाणी केव्हा चढेल याचा अंदाज बांधता येत नाही.

अडचण या 'केव्हा'चीच आहे. साधे पर्जन्यमापक दिवसातून एकदा, सकाळी ८.३० वाजता वाचले जाते. स्वयंलेखी यंत्रातील लहानसे पात्र भरले की झुकते आणि झुकल्याची वेळ तेवढी नोंदली जाते. पाऊस जोराचा असेल तर या नोंदी दाट, नसेल तर विरळ. नदीची मोजपट्टी पुराच्या वेळी तासातासाने पाहतात, एरवी मोजक्या वेळा. या तिन्ही नोंदींची तुलना करावयाची तर त्या प्रथम समान कालांतरांवर, समजा तासातासावर, आणल्या पाहिजेत. यालाच आपण अंतर्वेशन म्हणतो. आमचे विद्यार्थी हे काम संगणकास एका ओळीच्या आज्ञेने सांगतात, आणि ती एक ओळ पुष्कळदा चुकीची असते.

चूक गणितात नसते. संख्येचा अर्थ न विचारण्यात असते. नदीची पातळी ही एका क्षणाची अवस्था आहे. दहा वाजता ती अमुक होती आणि अकराला तमुक, तर साडेदहाला ती दोहोंच्या दरम्यान होती असे मानणे वावगे नव्हे. पावसाची नोंद तशी नाही. ती मागील नोंदीपासून आतापर्यंत साठलेल्या पाण्याची बेरीज आहे. तिला क्षणाची अवस्था समजून अंतर्वेशन केले तर काय होते, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू.

सकाळी ८.३० ला मापक रिकामे केले. १०.०० वाजता ६ मिलिमीटर, १०.२० ला आणखी २० आणि १३.५० ला आणखी ७ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, एकूण ३३. आता ०, ६, २०, ७ हे आकडे आपापल्या वेळांवर ठेवून त्यांच्यामध्ये सरळ रेषा ओढल्या आणि ९.३० पासून १३.३० पर्यंत तासातासाचे आकडे वाचले, तर ते सुमारे ४, १९.४, १५.७, १२ आणि ८.२ येतात. त्यांची बेरीज ५९ च्या वर जाते! आकाशातून ३३ मिलिमीटर पडले आणि आपल्या सारणीत ५९ साठले.

योग्य रीत अशी की, आधी संचयी बेरीज करावी : ०, ६, २६, ३३. अंतर्वेशन या संचयी आकड्यांचे करावे. नंतर लागोपाठच्या तासांच्या आकड्यांतील फरक काढावा. त्याच वेळांस संचयी आकडे ४, २६.३३, २८.३३, ३०.३३, ३२.३३ असे येतात आणि तासांचा पाऊस ४, २२.३३, २, २, २ असा होतो. उरलेला ०.६७ मिलिमीटर १३.३० नंतरच्या वीस मिनिटांचा. बेरीज पुन्हा ३३. शिवाय दहाच्या सुमारास आलेली मोठी सर, जी पुराच्या दृष्टीने महत्त्वाची, ती आपल्या जागी राहते. पहिल्या रीतीत ती पुढच्या तीन तासांवर पसरली होती.

सरळ रेषेऐवजी गुळगुळीत वक्र घेण्याचा मोह अनेकांस होतो. प्रस्तुत लेखकासही एके काळी झाला होता. वरील चार संचयी बिंदूंतून जाणारी त्रिघाती बहुपदी काढली तर ती ९.३० ला उणे १५ आणि १२.३० ला १३६ मिलिमीटर दाखविते. उणे पाऊस कोठे पडत असेल तो असो! ब्रह्मगुप्ताने इ. स. ६६५ च्या 'खण्डखाद्यका'त द्वितीय क्रमाच्या फरकांचे अंतर्वेशन दिले, ते ज्या-सारणीसाठी. ज्या हे फलन मुळातच सौम्य चढउताराचे आहे. मावळातील सर तशी नसते. वक्र हवाच असेल तर तो कोठेही खाली न वळणारा असावा. फ्रिच व कार्लसन यांनी १९८० साली अशा एकदिश त्रिघाती अंतर्वेशनाची रीत मांडली, आणि 'सायपाय' ग्रंथालयात त्याच कुळातील साधन 'पीचिप' या नावाने मिळते.

आता आज्ञावलीतील दोन खाचखळगे. 'पँडास'मधील 'इंटरपोलेट' या आज्ञेची मूळ पद्धत 'लिनियर' आहे. ती वेळांकडे पाहतच नाही, सर्व नोंदी समान अंतरावर आहेत असे धरते. आपणांस 'टाइम' ही पद्धत स्पष्टपणे सांगावी लागते. दुसरे, सारणी थेट तासांच्या जाळीवर 'रीइंडेक्स' केली तर जाळीवर न बसणाऱ्या मूळ नोंदी गळून पडतात, आणि मग अंतर्वेशनास आधारच उरत नाही. म्हणून प्रथम मूळ वेळा व जाळीच्या वेळा यांचा संयोग करावा, त्यावर अंतर्वेशन करावे आणि शेवटी जाळीच्या वेळा तेवढ्या निवडून घ्याव्यात.

८.३० ची गोष्टही ध्यानात ठेविली पाहिजे. एखाद्या तारखेपुढे लिहिलेला पाऊस त्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांचा असतो. संगणक मात्र दिवस मध्यरात्री सुरू झाला असे मानतो. हा भेद सांगितला नाही तर आदल्या संध्याकाळी लोणावळ्यास पडलेला पाऊस दुसऱ्या दिवसाच्या खात्यात जातो, आणि इंद्रायणी आधी चढली व पाऊस मागून पडला असा चमत्कारिक निष्कर्ष निघतो. जागतिक वेळेत हे ८.३० म्हणजे बरोबर ३.०० होत, दोन्ही घड्याळे एकाच सारणीत मिसळू नयेत.

राहिला प्रश्न खंडांचा. एका दिवसाचे वाचन चुकले आणि दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचे पाणी एकत्र मोजले गेले, तर संचयी रीतीने बेरीज शाबूत राहते, पण पाऊस अठ्ठेचाळीस तासांवर सारखा पसरतो. असे तास सरींच्या तीव्रतेच्या अभ्यासातून वगळावेत. यंत्रच बंद पडले असेल तर अंतर्वेशन मुळीच करू नये. 'पँडास'मधील 'लिमिट' ही मर्यादा रिकाम्या जागांची संख्या मोजते, त्यांचा काळ नव्हे. म्हणून दोन मूळ नोंदींमधील काळ वेगळा काढून, तो ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यास तेथील रकाने पुन्हा रिकामे करावेत. आणि वडगावच्या अशा रिकाम्या रकान्यात त्या दिवशीचा लोणावळ्याचा आकडा कोणी भरू नये.