घाटाआधीचा रस्ता

बैलगाडा शर्यतीचं टोकन निघालं की गाडामालकाच्या घरी फोन सुरू होतात. आपली बारी, म्हणजे धावायची पाळी, कितव्या दिवशी, किती नंबरला, हे त्या चिठ्ठीवर ठरतं आणि तिथून मागे मागे हिशेब लागतो. नंबर सकाळचा असेल तर बैल अंधारातच निघायला हवेत. दुपारचा असेल तर ऊन चढायच्या आत पोचून सावली धरायला हवी. अवसरी खुर्दच्या एका गोठ्यापुढे चैत्रातल्या रात्री हा हिशेब ऐकत बसलो होतो. शर्यत कोण मारणार, यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. बोलणं चाललं होतं ते पिकअपचं, पाण्याच्या कॅनचं आणि पुढच्या जोडीचा एक बैल शिरूरकडून किती वाजता निघेल याचं.

आंबेगाव, जुन्नर, खेड या पट्ट्यातल्या गाड्याला चार बैल लागतात. मागची जोडी धुरेला, म्हणजे गाड्यालाच जुंपलेली; पुढची जुकाटाला. त्यांच्याही पुढे घोडी आणि तिच्यावरचा स्वार. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, हा सगळा खेळ दहा-पंधरा सेकंदांत संपतो आणि घाटाचा राजा, म्हणजे सगळ्यात वेगवान गाडा, कोण, हे कधी कधी सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठरतं. यातली गोम अशी, की चारही बैल एकाच दावणीचे असतील असं नाही. २०२२ साली पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीच्या शर्यतीत पहिलं बक्षीस जेसीबी होतं. अशा बक्षिसांच्या काळात नाव झालेल्या खिल्लार बैलाची किंमत लाखांत बोलली जाते. चार तसे बैल सांभाळणं एकट्याच्या आवाक्यातलं नाही. मग धुरेचे बैल अवसरीचे, जुकाटाचा एक जुन्नरकडचा, दुसरा शिरूरचा आणि घोडी आणखी कुणाची, असा मेळ जमतो. बारीच्या दिवशी हे सगळे निरनिराळ्या रस्त्यांनी येतात. एक पिकअप वाटेत पंक्चर झाली की बाकीच्या तिघांची मेहनत पाण्यात.

फॉर्म्युला वनचे संघही देशोदेशी फिरतात, पण ते गॅरेजच्या सामानाचे एकसारखे अनेक संच करतात आणि काही संच जहाजाने कितीतरी आधी पुढे पाठवून देतात. बैलाचा दुसरा संच नसतो. शिवाय टायर थकत नाही, रुसत नाही आणि अनोळखी पाण्याला तोंड लावायचं नाकारत नाही.

पाण्याचा हा मुद्दा शहरातल्या माणसाला हसण्यावारी न्यावासा वाटेल. पण जाणता गडी घरच्या विहिरीचं पाणी कॅन भरून सोबत घेतोच. पाणी बदललं की बैल कमी पितो, आणि उन्हात कमी प्यालेला बैल बारीला ढिला पडतो. वैरणीचंही तसंच. आदल्या संध्याकाळी खाणं हलकं, आंबोण बेताचं, कडबा मोजून. पोट जड असलेला बैल गाडीत हिंदकळला की बेचैन होतो.

बैल चढवणं हे खरं कसबाचं काम. पहाटे पिकअप मागे घेत घेत बांधाला लावली, फाळका बांधावर टेकवला, म्हणजे बैलाला उडी मारावी लागत नाही. आत पत्र्यावर आधी माती, तिच्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर. नुसत्या पत्र्यावर खूर घसरतो आणि एकदा घसरलेला बैल पुढच्या वेळी फाळक्यापाशीच पाय रोवतो. जुना, गाडीला सरावलेला बैल आधी चढवला. त्याच्यामागे नवा खोंड निमूटपणे गेला. कासरा आखूड बांधायचा, पण बैलाला मान खाली-वर करता आली पाहिजे इतपत. मध्ये आडवा बांबू, त्याला गोणपाट गुंडाळलेलं, म्हणजे शिंग किंवा बरगडी घासायला नको. एक पोरगा मागेच उभा राहिला, बैलाच्या पाठीवर हात ठेवून. त्याचं काम एवढंच, आणि ते कुणालाही सांगता येत नाही. बैलाच्या ओळखीचाच हात लागतो.

गाडी चालवणाराही असातसा चालत नाही. खेडकडे जायचं तर वाटेत अवसरी घाट, म्हणजे वळणांचा रस्ता. वळणावर गाडी जरा जोरात घेतली की चारशे-पाचशे किलोंचं जनावर एका बाजूला झुकतं आणि स्वतःला सावरायला मांड्या ताणून धरतं. त्याच मांड्यांवर पुढे बारी मारायची असते. त्यामुळे कसलेला ड्रायव्हर वळणावर गाडी रांगत नेतो, गतिरोधकावर जवळजवळ थांबतो आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न खुशाल ऐकून घेतो.

कागदांची पिशवी केबिनमध्ये असते. कानातल्या टॅगचा बारा अंकी नंबर, पशुवैद्यकाचा दाखला, लसीची नोंद. २०२२ च्या सप्टेंबरात लम्पी त्वचारोगाची साथ पसरली तेव्हा राज्यात जनावरांची वाहतूक, बाजार आणि शर्यती सगळंच थांबलं होतं. तेव्हापासून लसीचा कागद विसरायची कुणाची छाती नाही. त्याआधीचा थांबा तर फार लांबला होता. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ ला शर्यती बंद केल्या. राज्याने २०१७ मध्ये शर्यतींना मुभा देणारा कायदा केला, पण तो न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. बंदीच्या सात-साडेसात वर्षांत कितीतरी दावणी रिकाम्या झाल्या. आज जी पोरं बैल चढवतात, त्यांतली बरीचशी हे काम नव्याने शिकली आहेत.

परवानगीबरोबर नियम आले. जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, धावपट्टी हजार मीटरपेक्षा जास्त नको, काठी-चाबूक नको, बैलांची आधी तपासणी. हे उत्तमच. घाटात डॉक्टर असतो, पोलीस असतो, कॅमेरा असतो. मात्र बैलाचा मोठा ताण घाटात नाही, तो रस्त्यावर आणि वाट बघण्यात आहे, असं माझं स्पष्ट मत झालं. पूर्वी बैल यात्रेला चालत जायचे, आदल्या दिवशी मुक्कामाला पोचायचे. पल्लाच मर्यादित असल्याने शर्यतीही मोजक्या. पौष पौर्णिमेच्या थापलिंगच्या यात्रेनंतर चैत्र-वैशाखापर्यंत गावोगाव जत्रा लागतात. आता दाराशी पिकअप असल्याने आज इथं, परवा तिथं असा मोह होतो. शहाणा मालक टोकन हातात असूनही कधी कधी बैल घरी ठेवतो. असे मालक थोडे आहेत.

त्या दिवशी बारीला तीन तास उशीर झाला. शेकडो गाडे असले की तो होतोच. एकीकडे लाऊडस्पीकरवरचं निवेदन, दुसरीकडे पिकअपची रांग, आणि बैल उतरवायला जागा कुठे, तर रस्त्याकडेच्या चारीत. आमच्या पोरांनी बाभळीखाली जागा धरली, अंगावर ओली गोणपाटं टाकली, कॅनमधलं पाणी थोडं थोडं पाजलं. शिरूरचा बैल बारीच्या अर्धा तास आधी पोचला. बारी साडेबारा सेकंदांच्या आसपास बसली, नंबरात आली. गुलाल उडाला. पण लगेच पुन्हा बांध शोधायची धावपळ, कारण परतीलाही बैल चढवायचाच असतो, तोही दमलेला.

यात्रा समित्या बक्षिसांसाठी लाखो रुपये गोळा करतात, मंडप घालतात, सत्कार करतात. त्यातल्या थोड्या पैशात घाटाखाली फाळक्याच्या उंचीचे दोन-तीन पक्के ओटे, पाण्याचा हौद आणि शेडनेटची सावली सहज होईल. टोकनवर नंबराबरोबर अंदाजे वेळही छापावी. पुढच्या यात्रेची वर्गणी देताना गाडामालकांनी हे आधी मागून घ्यावं.