चिखलाची सरळ रेघ

जून संपत आला होता. रात्रभर पाऊस कोसळून सकाळी जरा उघडीप मिळाली होती. प्रार्थना झाली, मुलं रांगेने वर्गात शिरू लागली आणि एकदम खसखस पिकली. चौथीतल्या एका मुलीच्या पाठीवर चिखलाची रेघ उमटली होती. कमरेपासून थेट वेणीच्या रिबिनीपर्यंत! आणि तीही पट्टीने आखल्यासारखी सरळ.

बिचारी रडवेली झाली. "बाई, मी चिखलात खेळले नाही हो. काकाच्या मोटारसायकलवर मागे बसून आले."

हसणाऱ्यांना मी गप्प केलं आणि फळ्यावर प्रश्न लिहिला, 'चिखल खाली रस्त्यावर होता. तो पाठीवर चढला कसा? आणि इतक्या सरळ रेघेत कसा?'

मुलांनो, उत्तर तुम्हालाही शोधता येईल. ओली छत्री उघडा आणि तिचा दांडा गरगर फिरवा. (अंगणात हं, घरात नको!) थेंब कुठे जातात ते नीट बघा. काठ ज्या दिशेने पळत असतो, त्याच दिशेने थेंब सुटतो आणि सरळ जाऊ लागतो. वर्तुळाला बाहेरून नुसती टेकणारी ही सरळ रेषा. मोठ्या वर्गात गेलात की तिला 'स्पर्शिका' म्हणायला शिकाल.

आता मोटारसायकलचं मागचं चाक डोळ्यांपुढे आणा. गाडी पुढे जाते तेव्हा चाकाची मागची बाजू रस्त्यावरून वर चढत असते. तिला चिकटलेला चिखल सुटला की तोही वरच उडणार. चाक असतं बसणाऱ्याच्या पाठीच्या बरोब्बर मध्यावर. म्हणून रेघही मध्यावर!

उडतो तरी किती जोरात? गाडीचा वेग ताशी ३६ किलोमीटर धरा. म्हणजे सेकंदाला १० मीटर. गाडीवरून पाहिलं तर टायरची कडाही तेवढ्याच वेगाने फिरत असते. हवेचा अडथळा नसता, तर त्या वेगाने वर उडालेला थेंब ५ मीटर उंच गेला असता, पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत! चिखलाबरोबर बारीक खडीही उडते, बरं का. मागून सायकलवर येणाऱ्याच्या डोळ्यात ती गेली, तर हसण्यावारी नेता येणार नाही.

काकाची गाडी होती 'स्पोर्ट्स' मोटारसायकल. शेपटी वर उचललेली, मागचं चाक जवळजवळ उघडं. जुनी गाडी घेतली होती आणि मूळचा मागचा मडगार्ड आधीच्या मालकाने शोभेसाठी काढून टाकला होता. पुतणीचा गणवेश पाहून काका ओशाळला आणि बाजारातून नवा मडगार्ड घेऊन आला. रविवारी तो बसवायचा होता. गॅरेज माझ्या वाटेवरच, म्हणून मीही डोकावले.

मिस्त्रींनी आधी इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकली. मग गाडी स्टँडवर उचलून मागचं चाक अधांतरी केलं. "चाक फिरवायचं ते हातानेच," ते पुतणीला म्हणाले. "इंजिन चालू ठेवून चेनीजवळ हात नेला, की बोट गेलंच म्हणून समज."

हा मडगार्ड सीटखाली बसत नाही. तो बसतो चिमट्यावर. मागचं चाक ज्या दोन दांड्यांच्या मध्ये धरलेलं असतं, त्याला गॅरेजमध्ये चिमटा म्हणतात. खड्डा आला की चिमटा वर-खाली होतो आणि त्याच्याबरोबर चाकही. सीटखालचा मडगार्ड मात्र जागीच राहतो. म्हणून तो चाकापासून चांगला दूर ठेवावा लागतो, नाहीतर खड्ड्यात चाक त्याला घासेल. चिमट्यावरचा मडगार्ड चाकाबरोबरच हलतो. म्हणून तो टायरच्या अगदी जवळ ठेवता येतो आणि चिखल लगेच अडवतो. आहे की नाही गंमत?

चिमट्याला चेनकव्हर आणि ब्रेकची नळी धरणारे बोल्ट आधीपासूनच होते. त्याच भोकांत नवा मडगार्ड बसणार होता. एक भोक काही जुळेना. काका म्हणाला, "ड्रिलने नवीन पाडू या की!"

मिस्त्रींनी हात जोडले. "दादा, गाडीच्या मागच्या भागाचं वजन हा चिमटा पेलतो. त्याला भोक पाडलं की तो तिथे कच्चा होतो. मडगार्ड थोडा सरकवू, पण चिमट्याला हात लावायचा नाही."

सरकवल्यावर तो जुळला. खोक्यातला एक बोल्ट मात्र लांब निघाला. त्याचं टोक आतून टायरकडे डोकावत होतं. मिस्त्रींनी तो बाजूला टाकला आणि आखूड बोल्ट घेतला. खाली रबरी वायसर घातले. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर कुठे चिमटत नाही ना, हे बोट फिरवून पाहिलं. टायर आणि मडगार्ड यांत बोटभर फट ठेवली. कारण टायरला चिखल चिकटतो, खडी अडकते. मग चाक हाताने दहा वेळा फिरवलं. कुठे खरखर नाही. शेवटी गाडी खाली घेऊन काका आणि मिस्त्री दोघंही सीटवर बसून दणादण दाबून पाहू लागले. मडगार्ड वर कुठे आपटत नव्हता.

झालं का काम? काकाची नजर डाव्या बाजूच्या साडीगार्डवर गेली. "हे लोखंड आता काढून टाका. नवा मडगार्ड आलाय ना? गाडी कशी देखणी दिसेल!"

आता मात्र मला राहवेना. "मडगार्ड चाकाच्या वरून येतो. बाजूने चाक उघडंच राहतं. पदर आणि ओढणी बाजूनेच आत जातात. तुमच्या आईही याच गाडीवर मागे बसतात ना?"

माझं म्हणणं नुसती सूचना नव्हती. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतला १२३वा नियमच तसा आहे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं हवं. मागे धरायला मूठ हवी आणि पाय ठेवायला आधारही हवा. फिरत्या चाकाने ओढणी ओढली, तर सोडवायला क्षणाचीही सवड मिळत नाही.

काका गप्प झाला. मग पुतणीनेच निकाल दिला, "काका, गाडी तुझी. पण मागे तर आम्हीच बसतो!"

साडीगार्ड जागेवर राहिलं.

चारेक दिवस गाडी चालल्यावर मिस्त्रींनी सगळे बोल्ट पुन्हा आवळून दिले. नवे बोल्ट हादऱ्यांनी थोडे सैल होतात म्हणून. त्यानंतर पुन्हा धो धो पाऊस आला. प्रार्थनेनंतर ती मुलगी मुद्दाम सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली. पाठ कोरडी आणि स्वच्छ! मोज्यांवर मात्र शिंतोडे होतेच. बाजूला उडणारं पाणी हा मडगार्ड थोडाच अडवतो?

मडगार्डाचा उपयोग गाडी चालवणाऱ्यापेक्षा त्याच्या मागच्यांनाच अधिक. म्हणूनच बहुधा चालवणाऱ्याला त्याची आठवण कमी येते. तुमच्या घरी मोटारसायकल असेल, तर ती उभी असताना, इंजिन बंद असताना, आई-बाबांना बरोबर घेऊन तिचं मागचं चाक एकदा बघा. वरून झाकलेलं आहे ना? बाजूने झाकलेलं आहे ना? नसेल तर हट्ट धरा. असा हट्ट केलात म्हणून कोणी रागावणार नाही!